पुडीचं रबर

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर माझं जनावरांच्या औषधांचं दुकान होतं. दोन हजार सालाच्या आसपास मढ गावाकडचा, मांसासाठी कोंबड्या पाळणारा एक ब्रॉयलरवाला पिल्लांच्या दर बॅचला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आल्या आल्या तो कागदात बांधून आणलेली कोंबड्यांची विष्ठा उघडून थेट माझ्या नाकाशी धरायचा. "बघा भाऊ, लई पातळ झालीय."

मी अँटिबायोटिकची पुडी द्यायचो. ती पाच दिवस पाण्यातून पाजायची असे. पण दोन दिवसांत विष्ठा घट्ट झाली की तो औषध थांबवायचा. "बऱ्या कोंबडीला कशाला पाजायचं?" उरलेली पुडी तो पुढच्या बॅचला राखायचा आणि तिचं तोंड बांधायला माझ्याकडूनच रबर न्यायचा. मला ती काटकसर आवडायची.

एकदा तो कागद न आणताच आला. "ह्या बारीला पाची दिस पाजलं, तरी मरतूक थांबंना. औषध तेच, पिल्लं त्याच जातीची. मग बदललं काय, भाऊ?"

उत्तर मला ठाऊक होतं. अर्धवट औषधातून वाचलेले जंतू शेडमध्येच राहिले होते आणि आता त्या औषधाला दाद देत नव्हते. पाच दिवस पुरे करा, असं पुडीवर बारीक इंग्रजीत छापलेलं असायचं.

मी दुसरं औषध दिलं. पुडी खिशात घालून त्यानं सवयीनं हात पुढं केला. "रबर द्या की."

मी पुडी परत मागितली, चष्मा लावला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला ती वाचून दाखवली.