सुमनताईंची धुरी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्या गल्लीत कुणाचंही बाळ खोकलं, की डॉक्टरच्या आधी सुमनताईंना बोलावणं जायचं. शेगडीत निखारे, वर ओवा, वावडिंग, लसणाची सालं. बाई पदर खोचून निघायच्या. धुरी झाली, बाळ निजलं, की म्हणायच्या, झालं, उतरला कफ. हाताला गुण आहे म्हणायचे सगळे. बाईंना त्याचा तोराही होता, आणि का नसावा? शेजारणी त्यांचं बघून बघून शिकल्या होत्या.

घरात मात्र बाळ नव्हतं. सुनेचा, शिखाचा, चिंचिला होता. सशासारखे कान, खारीसारखी शेपटी, आणि अंगावर अशी लोकर की ग्वाल्हेरच्या मे महिन्यात नुसतं बघून घाम फुटावा. असलं जनावर इथं पाळायचं म्हणजे हौसेला मोल नाही! त्याच्यासाठी एसी अष्टौप्रहर चालू. नाव लाडू. सुमनताई आधी नाकं मुरडायच्या, पण तो मांडीवर येऊन बसला की सगळं विसरायच्या.

एसी बिघडला. मिस्त्री काही येईना, तेव्हा अंशुलने, त्यांच्या मुलाने, कूलर लावला. त्या ओल्या वाऱ्याने लाडूला धरलं. डोळे चिकटले, नाक पुसून पुसून पुढचे पंजे ओले झाले, छातीतून बारीक घरघर येऊ लागली. मुरार भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. फुफ्फुसात संसर्ग उतरलाय, म्हणाले. मशीनने औषधाची वाफ द्यायची, खोली गार पण कोरडी ठेवायची, आणि धूर अजिबात नको, उदबत्तीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी शिखाला बँकेत जाणं भाग होतं. मशीन कसं चालवायचं ते तिने सासूला दाखवलं.

"आई, धुवाँ साफ मना केलाय हं," तिने जाताना पुन्हा बजावलं.

सुमनताईंनी मान हलवली. पण दुपार चढली तशी घरघर वाढली, आणि त्यांना बसवेना. त्या यंत्रावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गल्लीभरची पोरं आपण बरी केली, हा एवढासा जीव तो काय? त्यांनी शेगडी पेटवली. पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकलं आणि कोपरा उचलून धूर आत सोडला.

लाडू खडबडला, शिंकला, जाळीला धडकला. मग घरघर कमी होत गेली आणि थांबली. सुमनताईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी देवाला हात जोडले.

शिखा आली ती वासानेच दारात थबकली. तिने लुगडं ओढलं. लाडू मान वर ताणून बसला होता. तोंड उघडं, कुशी भात्यासारख्या हलताहेत, हिरड्या निळ्या.

"घरघर थांबली ग, म्हणून मला वाटलं..."

"घरघर करायची ताकदच उरली नाही त्याच्यात, आई."

मुरारला पोचायच्या आधीच लाडू तिच्या ओढणीत गेला. परत आल्यावर तिने रिकामा पिंजरा धुऊन अंगणात उपडा ठेवला. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं, असं सुमनताईंना झालं.

सकाळी त्या अंगणात शेगडीतली राख काढत होत्या. आता ही पेटवायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात समोरच्या विजयाबाई आल्या. नातवाच्या छातीत पहाटेपासून घरघर होती म्हणे. पण लाडू गेल्याचं कळलं होतं, अशा दुःखात ताईंना कशाला त्रास, म्हणून बोलावलं नाही.

"मीच दिली धुरी, अगदी तुमच्यासारखी, दारं-खिडक्या लावून," विजयाबाई कौतुकाने म्हणाल्या. "आता बघा, घरघर एकदम बंद. कसा गप्प पडलाय माझा राजा."

सुमनताई अनवाणीच समोरच्या दाराकडे धावल्या. धावता धावता शिखाला हाका मारत होत्या, गाडी काढ, गाडी काढ.