धुऱ्यावरची अंबाडी

"सायब, तुमची फक्की माझ्या धुऱ्यापस्तोर. फुडं एक बोट बी न्हाई," असं म्हणून सखाराम माझ्या चुन्याच्या रेषेवर मांडी घालून बसला. धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. पलीकडे त्याचा धाकटा भाऊ मारोती तोंड फिरवून उभा. दोघांचं बोलणं बंद. मधे मी आणि माझी उंचसखल मोजायची डंपी लेव्हल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मृदसंधारणाच्या कामावर सुपरवायझर होतो. जिंतूरच्या डोंगरात बांधबंदिस्ती चालली होती. सारख्या उंचीच्या जागा लेव्हलनं शोधायच्या आणि त्या जोडत उताराला आडवा मातीचा बांध घालायचा. पाणी थांबतं, माती थांबते. पण पाणी धुरा ओळखत नाही. बांध धुऱ्यापाशी तोडला, की नेमका तिथूनच फुटतो.

या भावांच्या बापानं वाटणी अगदी न्यायानं केली होती. उतार वरून खाली उभा चिरला. दोघांना वरचा माळही मिळाला, खालची काळीही. पण पट्ट्या इतक्या अरुंद झाल्या की औत आडवं वळेना. दोघंही वर-खालीच नांगरत. नांगराचा प्रत्येक तास, म्हणजे चर, पावसाळ्यात नाली व्हायचा. त्यात पाऊसही बदललेला. पूर्वी दिवसचे दिवस झिमझिमायचा. आता दडी मारून बसायचा आणि एखाद्या दुपारी कोसळायचा. माती निघायची ती थेट येलदरीच्या धरणात. वर मुरूम उघडा पडला होता.

माझे साहेब जीपमधून उतरलेही नाहीत. म्हणाले, "दुसरं गाव धरा. मार्चएंडला मला बांध दाखवायचेत, भांडणं नाहीत."

मी सामान आवरायला घेतलं. तेवढ्यात मारोतीची बायको शेवंता पाणी घेऊन आली. म्हणाली, "सायब, औंदा बी माती गेली तर फिरून ऊसतोडीला जावं लागंल. लेकरं शाळंतून काढून. मला न्हाई जायचं."

नजर चुकवायला मी बैलांकडे पाहिलं, आणि चौकशी केली. वाटणीत एकेका भावाला एकेक बैल आला होता. एका बैलानं औत चालत नाही. म्हणून हे न बोलणारे भाऊ दोन्ही बैलांची जोडी करून पाळीपाळीनं वापरत. निरोप त्यांच्या बायका, दोघी जावा, पोचवत.

मी सखारामला म्हटलं, "जोडी एकच आहे. मग ती धुऱ्यापाशी कशाला थांबवता? आडवी सरळ जाऊ द्या की. दोघांचं रान एकदम होईल, बांधही सलग जाईल."

"अन् धुरा मोडल्यावर माझं कुठवर, त्याचं कुठवर?"

उत्तर त्याच्याच बायकोनं दिलं. "दोनी टोकाचे दगड ऱ्हाऊ द्या. मधी आमी जावा अंबाडी टोकताव. हिकडं आपलं, तिकडं त्यांचं."

सखाराम उठला आणि धोतराचा चुना झटकला. तेवढी रेषा मला पुन्हा मारावी लागली.

बांध अखंड झाला. पुढच्या पावसाळ्यात एक दुपार तशीच कोसळली. मी धास्तावून बघायला गेलो. बांधामागे पाणी उभं होतं आणि आडव्या तासांतली ज्वारी जागच्या जागी होती. मला इतका आनंद झाला की साहेबांवरचा माझा रागही गेला. दिवाळीआधी मुकादम ऊसतोडीला माणसं शोधत आला. शेवंतानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

भावांचं बोलणंही सुरू झालं. धुऱ्यावरची अंबाडी कुणाची, यावरून भांडले. तोवर जावांनी तिची भाजी करून दोन्ही घरी वाढलीही होती.

त्यानंतर कुठल्याही उतारावर गेलो की लेव्हल लावायच्या आधी मी विचारायचो, बैल कुणाकुणाचे आहेत?