जीप भरेपर्यंतचा शेअर बाजार

मुरबाडच्या जीप स्टँडवर शेअरचा चार्ट माझ्याइतका कुणाला कळत नाय! आता खरं सांगतो. पहिले काही दिवस मी हिरवा म्हणजे गाडी सोड आणि लाल म्हणजे ब्रेक, एवढंच समजून चाललो होतो. शाळा सातवीत सुटली, गाडी मात्र अजून चालू आहे.

आमचा धंदा असा, की जीप भरल्याशिवाय सुटत नाय. तोवर करायचं काय? दत्तूच्या मोबाइलात डोकं घालायचं. मग सीटखाली शेंगांची टरफलं साचतात, तसे किस्से साचतात.

दत्तूची जीप माझ्या पुढच्या नंबरला. माणूस सोन्यासारखा, थोडे शेअरपण घेतलेत, पण चार्ट माळशेज घाटासारखा वाचतो. रेघ चढली की ओरडतो, "नाना, सेकंड टाका!" उतरली की पाय आपोआप ब्रेकवर. एकदा उभ्या जीपमध्ये त्यानं असा करकचून ब्रेक दाबला, की मागच्या बाईनं घाबरून पुढची दांडी धरली!

*

वैशाखऱ्याची एक आजी. जीप खच्चून भरलेली आणि आमी दोघं चार्टमध्ये. आजीनं बराच वेळ ऐकून घेतलं. मग डोकं पुढं काढून विचारलं, "का रे, ती रेघ वर गेल्याबिगर गाडी सुटत नाय का?"

*

त्या मोबाइलात बोटानं रेघ मारायची सोय आहे. दत्तूनं चार्टवर एक मारली, ती थेट स्क्रीनच्या वरच्या टोकाला!

"बघा नाना, भाव असा जाणार."

"अरे, पण ही रेघ तू मारलीस!"

"मग? आपल्या हातानं खाली मारू काय?"

*

दत्तू नेहमी पाच वर्षांचा चार्ट लावतो. त्यात रेघ कशी डोंगर चढल्यासारखी दिसते. एकदा तो वडापाव आणायला गेला आणि मी हळूच 'एक दिवस' दाबलं. नेमका त्या दिवशी बाजार घसरलेला. दत्तू येऊन बघतो तर रेघ सरळ दरीत!

"नाना, गेलं सगळं!" म्हणून तो कट्ट्यावर बसला तो बसलाच. तोवर मी त्याचे पाशिंजर माझ्या जीपमध्ये घातले आणि टोकावड्याला सोडून आलो. आल्यावर परत 'पाच वर्षं' दाबलं. "बघ, सावरला की बाजार!"

दत्तूनं खुशीत मला चहा पाजला.

*

पण पुढं रेघ चढत राहिली आणि त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. जीप विकायची, सगळं शेअरमध्ये टाकायचं! गिऱ्हाईकपण ठरलं.

त्याची पोरगी सुजाता वाशिंदला कंपनीत कामाला. ती माझ्याकडं आली. "नाना, बाबा माझं ऐकत नाय. जीप गेली तर दिवसभर घरी बसून नुसती रेघ बघतील. खुळे होतील ओ!"

दत्तू रोज जेवताना किती पाशिंजर झाले ते पोरीला सांगतो आणि ती गंमत म्हणून मोबाइलात टाकते. आमी त्याचाच चार्ट बनवला. वरचं नाव उडवलं.

गिऱ्हाईक यायच्या सकाळी सुजाता स्टँडवर आली आणि मी तो चार्ट दत्तूपुढं केला. "दत्तू, हा शेअर माझ्याकडं आहे. विकू का?"

दत्तूनं बोटानं मागं सारला, पुढं सारला, चिमटीनं मोठा केला. "येडे झालात का? दर आठवड्याला उडी मारतोय. पावसाळ्यात तर बघा, कुठं चढलाय! असला शेअर कुणी विकतं का?"

"मग तू का विकतोस? तुझी जीप आहे ती! आठवडी बाजाराला उडी, पावसात घाट बघायला येणारी पब्लिक!"

 दत्तूनं गिऱ्हाइकाला फोन लावला. "नाय द्यायची जीप." सुजातानं डोळे पुसले.

दत्तू परत चार्ट बघत बसला. एके ठिकाणी रेघ एकदम खोल गेलेली. तिथं त्यानं बोट ठेवलं, तशी तारीख वर आली. जरा आठवलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"नाना, ह्याच दिवशी मी तुमाला चहा पाजला ना? मग माझे पाशिंजर कुणाच्या गाडीत बसले?"