आगगाडीच्या डोंगरावरचे अळीव

लढाईवरून आमचे हे परत आले ते डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच ठेवून. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात थोरल्या दिरांनी लगेच सांगून टाकलं, नांगराला दोन धड हात लागतात, हा आता नुसता खायला आला. जाऊबाई यांना भाकरी वाढायच्या ती ताटात जरा वरूनच टाकायच्या. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. कुठेही चाललं असतं, फक्त दार माझं हवं होतं.

पलटणीत यांचं काम मोठं मजेचं होतं. माती आणि वाळूचे डोंगर, नद्या, पूल असं सगळं जमिनीवर मांडायचं, मग अधिकारी त्याभोवती उभे राहून लढाई ठरवत. या कलेला गावात कोण विचारणार? विचारलं ते सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याने. साहेब लोक देश सोडून चालले होते, त्यांतल्या एकाकडून त्याने चावीची आगगाडी घेतली होती. मोठ्या फळ्यांवर मांडलेले रूळ, स्टेशन, पूल, बोगदा आणि मागे डोंगर. गाडी शाबूत होती, बाकीचं निम्मं वाळवीने खाल्लेलं आणि निम्मं वाटेत मोडलेलं. त्या व्यापाऱ्याला सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी सांगितलं, नातवाच्या वाढदिवसापर्यंत सगळं उभं करून दे, मग गाडी सांभाळायला तुलाच ठेवतो आणि मागच्या अंगणातली खोली देतो.

खोली म्हटल्यावर मी उखळच धरलं. रद्दी कागद भिजवून, मेथ्या घालून कुटायचे, त्या लगद्याच्या आम्ही बायका टोपल्या करतो. तसला लगदा मी करून द्यायची आणि हे तो ओल्या फडक्यात बांधून सांगलीला न्यायचे. त्यातून स्टेशनच्या भिंती झाल्या, पुलाचे खांब झाले, बोगदा झाला. काडेपेटीच्या काड्यांचा कठडा आणि तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा सिग्नल. जाऊबाई म्हणाल्या, लेकरू नाही म्हणून नवराच भातुकली खेळतोय. मी ऐकून घेतलं. जायचंच होतं, मग तोंड कशाला वाजवायचं?

साहेबाच्या डोंगरांवर रंगवलेला लाकडाचा भुसा चिकटवलेला होता. तसाच भुसा आणून रंगव, एवढंच अण्णांनी सांगितलं होतं. पण यांना तो मेलेला दिसला. बाजारादिवशी घरी आले तेव्हा फार खुशीत होते.

"भुसा कवा हिरवा असतोय का? दिवाळीच्या किल्ल्यावर आपण आळीव पेरतूच की. तसंच पेरलंय. लय झ्याक दिसंल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पोरं किल्ला दारात करतात, मातीचा, आणि दिवाळी सरली की मोडतात. त्याच्या अंगाखांद्यावरून पत्र्याचे रूळ जात नाहीत. यांनी फळ्यांवर गोणपाट अंथरलं, त्यावर माती, मातीत अळीव, आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. डोंगर खरोखर हिरवेगार झाले. अण्णासुद्धा खूश होते. खाली फळ्या फुगत होत्या आणि रुळांना गंज धरत होता, ते कुणी वाकून पाहिलं नाही.

वाढदिवसाला सगळे व्यापारी जमले. गाडी सुटली, पुलावर डगमगली आणि बोगद्यात शिरली ती शिरलीच. माझा लगदा पाणी पिऊन खाली बसला होता. गाडी आत अडकून नुसती घरघरत राहिली. पोरगं रडायला लागलं. अण्णांनी डोंगरावरून मूठभर अळीव उपटले आणि यांच्यापुढे धरले. पीक काढलंस, आता खाऊन दाखव, म्हणाले. यांनी सगळ्यांसमोर मातीसकट खाल्लं. लोक पोट धरधरून हसले.

मला वाटलं, संपलं. पण थोड्याच दिवसांत सांगलीहून माणूस आला. अण्णांच्या घरी कुणीही आलं की तो किस्सा निघत होता आणि पाहुण्यांना तो माणूस बघायचा होता. मिरजेच्या कारागिराने रूळ नवे बसवले होते, डोंगरावर भुसा चिकटवला होता. यांचं काम चावी द्यायची, धूळ पुसायची, आणि पाहुणे आले की आपली फजिती आपणच सांगून शेवटी अळीव खायचे. खोली मिळाली.

ते अळीव पेरायचं काम माझं. दाराशी परातीत माती घालून मी ते पेरायची आणि पाणी द्यायची. अण्णांचा निरोप आला की खुडून, धुऊन द्यायची. किती राग यायचा म्हणून सांगू! अण्णांचा नव्हे, यांचा. हे ती गोष्ट चांगली सांगायला लागले होते. कुठे थांबायचं, कुठे डोळे मोठे करायचे, सगळं जमलं होतं त्यांना.

एकदा साताऱ्याकडचे पाहुणे आले होते. किस्सा जुना झाला होता, हसू कमी पडत होतं. तेव्हा यांनी नवीन भर घातली की पाणी घालायची अक्कल बायकोची. मग काय, अण्णांनी मला बोलावणं धाडलं.

तोवर मी आगगाडीच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. आगगाडी मी पहिल्यांदाच पाहिली. अण्णांनी विचारलं, काय गं, तूच का ती शेतकरीण? हे माझ्याकडे बघेनात, रुमालाने इंजिन पुसत राहिले. मला वाटलं, सांगावं खरं. मग भाकरी वरून टाकणाऱ्या जाऊबाई डोळ्यांपुढे आल्या.

"व्हय जी," मी म्हटलं, "म्याच सांगितलं हुतं."

पाहुणे हसले, अण्णांच्या तर हसून डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी थाळीतली चिमूट उचलून माझ्यापुढे धरली. मी पदर पुढे ओढला आणि खाल्लं. तिखट होतं.

तेव्हापासून बोलावणं आम्हा दोघांनाही यायला लागलं.