दोन बोटं वाढतं

टेपवाले काकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, मापं राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते आधी त्याच्या खांद्याकडे बघत, मग कमरेकडे, आणि मग कुठे ओळख पटल्याचं हसू तोंडावर येई. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना त्यांनी भर रस्त्यात "तुमी छत्तीस छाती, आखूड बाही न?" असं विचारलं होतं. गळ्यात टेप कायम. लग्नात टेप, विहारात वंदनेला टेप, मयतीला गेले तरी टेप. काकू रागावल्या की ते टेप काढून खिशात ठेवत आणि दहा पावलं गेली की पुन्हा गळ्यात घालत. त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून वस्तीत कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

त्यांचं दुकान आमच्या घरापासून चौथं. एक मशीन, एक पाट, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि कापडाच्या चिंध्यांनी भरलेलं एक पोतं, एवढाच संसार. शाळेचे गणवेश ही त्यांची खासियत. जून लागला की दुकानासमोर आयांची आणि पोरांची रांग लागायची आणि प्रत्येक आई तेच एक वाक्य बोलायची, "टेपवाले, वाढतं घ्या बरं." गणवेश दोन वर्षं तरी चालायलाच हवा असे ते दिवस होते. काका मग गुडघ्याखाली आपली दोन बोटं आडवी धरत आणि बोटांच्या खाली खडूची रेघ मारत. कुणी सांगायचं विसरलं तरी ते वाढतंच घेत. "लेकरू वाढते, कपडा काही वाढत नाई," असं म्हणत. जूनमध्ये आम्ही सगळी पोरं मोठ्या भावंडांचे कपडे चोरून घातल्यासारखी दिसायचो आणि पुढच्या जूनपर्यंत कशीबशी त्या कपड्यांत मावायला लागायचो. मशीनच्या तेलाचा वास असलेली ती दोन बोटं माझ्या गुडघ्याला अजून आठवतात.

हिवाळ्यात गणवेशाचं काम बसायचं. त्याच सुमाराला सीताबर्डीच्या पलीकडच्या एका मैदानावर मेळा उतरायचा. आकाशपाळणा, मौत का कुआँ, बंदुकीनं फुगे फोडायचे स्टॉल आणि आम्हा पोरांचा जीव ज्यात अडकलेला त्या उडत्या खुर्च्या. मधे एक खांब, त्याला साखळ्यांनी टांगलेल्या लोखंडी खुर्च्या. खांब फिरायला लागला की खुर्च्या बाहेर फेकल्यासारख्या वर उडायच्या. मेळ्याचे तंबू आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवायला काका जायचे. त्यांच्या गळ्यातला टेप बघून मेळ्याच्या शेठनं त्यांना उडत्या खुर्च्यांच्या फाटकावर उभं केलं. काम एकच. रंगवलेल्या काठीपाशी पोराला उभं करायचं आणि लाल पट्ट्याला डोकं लागलं तरच आत सोडायचं.

पहिल्याच दिवशी काकांनी ती काठीच आपल्या टेपनं मोजली. शेठनं तोंडानं सांगितलेली उंची आणि काठीवरचा लाल पट्टा यांत तीन बोटांचा फरक निघाला. पट्टा खाली होता, म्हणजे जास्त पोरं आत. काकांनी खिशातला चाकू काढून योग्य जागी नवी खाच पाडली. शेठ भडकला, धंद्याचं नुकसान होईल म्हणाला. काका म्हणाले, मग दुसरा माणूस पाहा. दुसरा माणूस काही मिळाला नाही आणि ती खाच राहिली. खाच का, तेही त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. खुर्चीला खाली पाय ठेवायला एक पट्टी होती आणि समोर एक दांडा. "पाय टेकला त लेकरू बसते. नाई टेकला त सरकते, दांड्याखालून." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे, आणि तेव्हा मी सहा वर्षांची होते. कळत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

फाटकावर काका निराळेच असत. पोरांच्या डोक्याकडे ते बघतच नसत, टाचांकडे बघत. चवड्यावर उभं राहणारं पोर, चपलेत कागद कोंबलेलं पोर, रिबिनीचा फुगा डोक्यावर उंच बांधून आलेली पोरगी, सगळी त्यांना आधीच कळत. "डोकं खोटं बोलते, टाच नाई बोलत," असं म्हणून ते चपला काढायला लावत आणि तळहातानं केस चापूनचोपून बसवत. एकदा मोटारीतून आलेले एक साहेब मुलाला आत सोडत नाहीत म्हणून आरडाओरडा करायला लागले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माह्यावर रागवा साहेब. खुर्चीले नाई समजत कोणाचं लेकरू आहे ते." साहेब गेले. काकांनी त्यांच्या मुलाच्या हातात एक संत्रं दिलं.

हे संत्र्याचं एक होतं. काकूंचा भाऊ नरखेडकडे बागेत कामाला होता. डाग पडलेली, बाजारात न चालणारी संत्री तो पोत्यानं आणून टाकायचा. काका रोज पिशवीभर संत्री फाटकावर न्यायचे आणि ज्या पोराला परत पाठवायचं त्याला एक द्यायचे. "पुढच्या वर्षी ये, पाळणा कुठी चालला," एवढं म्हणायचे. पोर रडत असलं तरी सोलायला लागायचं. मला दोन हिवाळे संत्रं मिळालं. मी अंगानं किरकोळ. माझ्याबरोबरच्या साऱ्या मैत्रिणी वर उडून आल्या आणि मी खाली उभी राहून साली टाकत राहिले. दुकानाच्या दारावर काका आमच्या वस्तीतल्या पोरांच्या उंचीच्या खडूच्या रेघा मारत. माझी रेघ खाचेच्या रेघेकडे इतकी हळू सरकत होती की मी रात्री झोपताना पाय ताणून झोपायची.

तिसऱ्या हिवाळ्यात मला आठवं लागलं होतं. मेळ्याचा शेवटचा रविवार, दुपारची वेळ. पुढच्या वर्षी मेळा नागपूरला येणार नाही अशी बोलवा होती. आई धाकट्याला घेऊन फुगेवाल्याकडे गेली होती, मैत्रिणी खुर्च्यांवर बसल्याही होत्या. मी काठीला पाठ लावून उभी राहिले. चपला काढलेल्या, टाचा जमिनीला. काकांनी केस चापले. माझ्या डोक्यात आणि खाचेत दोन बोटं उरली. काकांनी पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी होती, शेवटचा दिवस होता, संत्री संपली होती. तो रिकामा हात बाहेर आला आणि त्या क्षणी, कुठून सुचलं कोण जाणे, मी जूनमध्ये माझी आई बोलायची त्याच सुरात बोलले, "काका, वाढतं घ्या न."

रांगेतले लोक हसले. काकाही हसले. फाटकावर त्यांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी आपली दोन बोटं आडवी माझ्या डोक्यावर ठेवली, अगदी गुडघ्याखाली ठेवत तशीच. बोटं खाचेला टेकली. "घे, वाढतं," म्हणाले आणि फाटक उघडलं.

पाय टेकले नाहीत. खुर्च्या वर चढल्या तेव्हा मला पूर्ण शहर दिसलं असं मी पुढे मैत्रिणींना सांगत असे, पण ते खोटं आहे. मला फक्त माझ्या पायांखालची पट्टी दिसत होती आणि ती कुठल्या कुठे होती. मी दांड्याखालून सरकले. मग मला काकांचा टेप दिसला, माझ्या तोंडावर लोंबत होता, कारण ते मला उचलून धावत होते.

डावी मांडी मोडली होती. तीन महिने प्लास्टर होतं. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. दोन बोटं. डॉक्टरांनी इंचात सांगितलं, पण घरी आईनं बोटं लावून पाहिली आणि ती दोनच भरली. मेळा दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून गेला, मैदानावर नुसते खड्डे उरले. मी पडले त्या दिवशी वडील गिरणीतून थेट दवाखान्यात आले. काका माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे होते. खाच तुम्हीच पाडली होती ना, मग माझ्या पोरीला सोडलं का, असं वडिलांनी विचारलं. काका एवढंच म्हणाले, "मापात चूक झाली. माह्यी चूक झाली." मी डोळे मिटून पडले होते, जागी होते. मी मागितलं, हे दोनच शब्द होते. आई रागावेल या भीतीनं मी ते बोलले नाही. मग पाय बरा व्हायची वाट पाहिली, मग शाळा सुरू व्हायची. असं करत करत ते शब्द माझ्या तोंडात वाळून गेले.

पुढच्या जूनपासून काकांनी वाढतं घेणं सोडलं. आया म्हणत, टेपवाले, वाढतं घ्या. ते मान हलवत आणि गुडघ्याला टेकेल तिथेच रेघ मारत. शिवणीत जादा कापड दाबायचे, ज्याला शिंपी माया सोडणं म्हणतात, तेही बंद केलं. आजचं माप आजच्या दिवसाचं. दिवाळीला पोरांच्या चड्ड्या मांडीवर चढल्या, बटणं तुटली. बायका भांडून गेल्या, काही गुपचूप पुढच्या चौकातल्या शिंप्याकडे गेल्या. दोन जून असे गेले आणि तिसऱ्या जूनमध्ये दुकानासमोर रांगच नव्हती. दारावरच्या रेघांवर काकांनी निळा ऑइलपेंट फासला. मग ते उशांचे अभ्रे शिवू लागले, झोळ्या, मशीनची झाकणं, ज्यांना वाढ नाही असं सगळं. "उशी बरी," ते एकदा काकूंना म्हणाले. "जेवढी आहे तेवढीच राह्यते." काकू हसल्या नाहीत.

माझे कपडे मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाला शिवू दिले नाहीत. पैसे घेतले नाहीत आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. माप काकू घ्यायच्या. काका भिंतीकडे तोंड करून बसत. काकूंना आकडे येत नसत, म्हणून त्या टेपवर बोट दाबून धरत आणि टेप तसाच मागे काकांच्या हातात देत. पाय आखूड असला की त्या बाजूला कंबर कलते आणि स्कर्टची कड खाली येते. काका डावीकडे दोन बोटं कापड जास्त दुमडत. मग मी उभी राहिले की कड सरळ दिसायची. चालू लागले की सगळ्यांना कळायचंच, पण वर्गात फोटो काढला तेव्हा मी इतरांसारखीच आले आहे. साडी नेसायला लागले तेव्हा ते परकर शिवत, डावीकडे दोन बोटं दुमडलेले. इतका सुबक दुमडा मी पुन्हा कुठे पाहिला नाही. दर नव्या परकराबरोबर मला वाटायचं, आता सांगू. ते पाठ फिरवून बसायचे आणि पाठीशी मला बोलता यायचं नाही.

माझं लग्न ठरायला फार उशीर झाला. बघायला येणारे आधी चालून दाखव म्हणत. एका पाहुण्यांनी पोरगी बरी आहे पण, असं म्हटलं, आणि ते 'पण' वस्तीभर झालं. त्या संध्याकाळी काकांनी मशीन बंद करून झाकण घातलं ते पुन्हा काढलंच नाही. डोळ्यांचं निमित्त सांगितलं. नंतर ते खाटेलाच खिळले.

शेवटी मी त्यांच्याकडे गेले ती एका उन्हाळ्यात. खाटेवर काका पडले होते, उघड्या छातीवर टेप. काकू पाणी आणायला गेल्या तेव्हा मी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. की त्या दिवशी वाढतं मीच मागितलं, पाय टेकला नाही तर सरकतो हे मला माहीत होतं, दवाखान्यात मी जागी होते. वीस वर्षांचं ओझं उतरेल असं मला वाटलं होतं. माझंही आणि त्यांचंही.

काका छताकडे बघत होते. मग म्हणाले, "मले ठाव नाई काय वं? मी काय बहिरा होतो?"

मग बाबांना का सांगितलं नाही, मी विचारलं.

"सांगून तुहा पाय वाढला असता काय?" ते म्हणाले. त्यांनी छातीवरचा टेप बोटाला गुंडाळला. "लेकरू मागतेच पोरी. दर जूनमध्ये सारे मागतेत. कपड्यात द्याचं असते ते. पाळण्यात नाई द्याचं. हे तुले नाई, मले समजत होतं."

त्यांनी मला माफ केलं असं नाही, कारण त्यांनी मला कधी दोषच दिला नव्हता. आणि स्वतःला ते सोडणार नव्हते. मी जे द्यायला गेले होते ते घ्यायला तिथे कुणी नव्हतं. तसंच घेऊन मी लंगडत घरी आले. महिन्याभरात काका गेले. काकूंनी टेप त्यांच्या गळ्यातून काढू दिला नाही. चितेची लाकडं कमी पडू नयेत म्हणून खाटेची लांबी कुणी तरी वितीनं मोजत होतं आणि टेप तिथेच, त्यांच्या गळ्यात होता.

मला मुलगी झाली, आता ती पहिलीत जाईल. परवा तिला गणवेशाला घेऊन गेले. शिंपी तरुण आहे, चांगला आहे. पोरीच्या गुडघ्याला टेप लावून त्यानं सवयीनं विचारलं, "ताई, वाढतं घेऊ न?" पोरगी वर बघत होती, शिंपी बघत होता, मागे रांग होती. आजचंच घ्या, मी म्हणाले. दिवाळीपर्यंत स्कर्ट गुडघ्याच्या वर चढेल, पोरगी रुसेल, हे मला माहीत आहे. तरी मी आजचंच म्हणाले.