पाणी टोचलेली मुलगी

ॲन आर्बरला आमच्या शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक अमेरिकन बाई राहतात. मी आयुष्यभर लहान मुलांची डॉक्टर होते, हे कळल्यावर एका दुपारी चहा पिताना त्या म्हणाल्या, "मी दुसरीत होते तेव्हा पोलिओची नवी लस आमच्यावर करून पाहिली होती."

मी कप खाली ठेवला.

आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या वर्गातली एक मुलगी पोलिओने गेली होती. मग शाळेतून कागद आला. निम्म्या मुलांना लस आणि निम्म्यांना नुसतं पाणी टोचणार होते. कुणाला काय मिळालं, हे टोचणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नसणार होतं. त्यांच्या आईने सही केली.

"भीती नाही वाटली त्यांना?"

"वाटली ना. रडत होती. पण म्हणाली, कुणाच्या तरी मुलांनी हात पुढे करायलाच हवा."

वर्षभराने इथे ॲन आर्बरलाच जाहीर झालं, की लस लागू पडते. त्यानंतर कळलं, की आमच्या या बाईंना पाणीच टोचलं होतं. त्यांना पुन्हा रांगेत उभं करून खरी लस दिली.

"वाईट वाटलं असेल."

"छे. पाणी घेणारे आम्ही नसतो, तर लस चालते हे कळलं कसं असतं?"

नागपूरला शिकताना मी पाय लुळे पडलेल्या मुलांचा वॉर्ड पाहिला होता. पुढे कितीतरी बाळांना मीच लस दिली. ती आधी कुणी घेतली असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. मी उठले आणि वाकून त्यांना नमस्कार केला. त्या पार गोंधळून गेल्या.