ओढलेला पडदा

धाकट्या भावाच्या डोक्यातली गाठ काढली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीहून ठाण्याच्या हॉस्पिटलात गेले. भर दुपारी खोलीत काळोख, आणि भावजय पडदे ओढून बसलेली. माझं डोकंच फिरलं.

"अगं, माणसाला जरा उजेड तरी मिळू दे! कोंडून काय ठेवलंयस?" म्हणत मी पडदा सरकवला. ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं.

"ताई, नको!" म्हणत ती उठली, पण मी तिला बोलू देईन तर ना! तिचं माहेरसुद्धा काढलं. बऱ्याच वेळाने मी दम घ्यायला थांबले, तेव्हा तिने पडदा ओढला आणि हळूच सांगितलं. ऑपरेशनआधी त्याला एक औषध पाजलेलं. त्याने निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी चमकते आणि कुठपर्यंत कापायचं ते डॉक्टरांना दिसतं. पण औषध अंगातून जाईपर्यंत कातडीला उजेड सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा गाल भाजल्यासारखा लाल झालेला. डॉक्टरांनी विचारलं, "पडदा कोणी उघडला?"

"मीच, चुकून," भावजय म्हणाली.

त्यांनी तिला चांगलंच झापलं. मी खाली मान घालून मोसंबी सोलत राहिले.